पडद्यावरचे आभाळ कोणत्या निळ्याचे? वर्णपटावरून रंगद्रव्ये ओळखू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात आले आणि मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या की रात्रीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. अशाच एका हंगामात वैनगंगेच्या काठच्या एका गावात मला नाटकाचा जुना, हाताने रंगवलेला पडदा पाहायला मिळाला. तो बांबूला गुंडाळून माळ्यावर ठेवलेला होता. उलगडल्यावर त्यावर महाल दिसला, कारंजे दिसले आणि वरचा अर्धा भाग व्यापून टाकणारे निळे आभाळ दिसले. मालक म्हणाले, "आमच्या आजाच्या वेळचा आहे जी, मास्तर. तीस सालच्या आधीचा. तुमच्या मशिनीवर कळते का?" मी ग्रामीण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. मात्र मशिनीवर कळते असे म्हणताना मधल्या किती पायऱ्या गाळल्या जातात, हे मला त्या पडद्यानेच शिकवले. त्या पायऱ्या पदवीचे विद्यार्थी, चित्रकलेचे शिक्षक आणि घरात जुनी चित्रे बाळगून असलेले लोक यांच्यासाठी येथे क्रमाने मांडत आहे.

आरंभी एक नियम मनात पक्का करावा. प्रत्येक उपकरण एकाच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देते. क्ष-किरण प्रतिदीप्ती, म्हणजे क्ष-किरण पडल्यावर द्रव्यातून निघणाऱ्या किरणांची मोजणी, मूलद्रव्ये सांगते, रामन आणि अवरक्त वर्णपट रेणूंची किंवा स्फटिकांची कंपने सांगतात, आणि परावर्तनाचा वर्णपट त्या पृष्ठभागाने कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश गिळला ते सांगतो. म्हणून परस्परांहून वेगळ्या अशा किमान दोन पुराव्यांचा मेळ बसल्याशिवाय वहीत रंगद्रव्याचे नाव लिहू नये. तोपर्यंत "लोहयुक्त तांबडा", "तांबेयुक्त निळा" एवढेच लिहावे.

उपकरणाला हात लावण्यापूर्वी

मालकाची परवानगी लेखी घ्यावी, आणि नमुना काढावा लागेल की नाही हे त्यात स्पष्ट नमूद करावे. पडद्यावर देवदेवतांची चित्रे असतील तर घरची मंडळी तो उलगडण्यापूर्वी नारळ फोडतात. त्याला वेळ द्यावा, घाई करू नये. त्यानंतर दिवसाच्या पसरलेल्या उजेडात संपूर्ण चित्राचे, आणि बाजूने तिरपा उजेड टाकून पृष्ठभागाचे छायाचित्र घ्यावे. चित्राच्या छापील प्रतीवर मोजणीच्या प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि विद्यार्थी ते नेहमी टाळू पाहतात. परंतु सहा महिन्यांनी हाती फक्त "निळा २" नावाची फाइल उरते आणि तो निळा आभाळातला की राजाच्या अंगरख्यावरचा हे कोणालाच आठवत नाही.

याच टप्प्यावर डागडुजीच्या जागा शोधाव्यात. आमच्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा डाग होता आणि त्यावरचे आभाळ बाकीच्या आभाळापेक्षा किंचित हिरवट व चकचकीत दिसत होते. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील विजेरीखाली हा फरक अधिक उघड झाला: जुन्या आभाळातले पांढरे ढग पिवळसर हिरवे चमकले, तर कोपऱ्यातला ढग काळसर जांभळा राहिला. जस्ताचा पांढरा रंग सहसा पहिल्यासारखा वागतो आणि टायटॅनियमचा पांढरा दुसऱ्यासारखा. हा पुरावा नव्हे, पण पुढे कुठे पाहायचे ते येथे ठरते. बाजारातल्या स्वस्त विजेऱ्या बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा जांभळा उजेडच डोळ्यांत भरतो आणि मंद चमक दिसत नाही. डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चष्मा असावा.

तुलनेसाठी आपल्या घरचे रंगफलक

परदेशी संदर्भसंग्रह उपयोगी असतात, पण आपल्या गावच्या पेंटराने वापरलेला माल त्यांत असेलच असे नाही. म्हणून स्वतःचे फलक करावेत. गेरू, पिवडी, चुना, काजळी, नीळ, शेंदूर आणि मिळाल्यास जुन्या पेंटराच्या डब्यातली भुकटी, असे प्रत्येक द्रव्य मांजरपाटाच्या तुकड्यावर तीन बंधकांत, म्हणजे भुकटी धरून ठेवणाऱ्या द्रव्यांत, लावावे: सरस, डिंक आणि जवसाचे तेल. जवस हे विदर्भाचे जुने पीक आहे आणि युरोपातील तैलचित्रे ज्या तेलात रंगवली गेली तेही प्रामुख्याने जवसाचेच. हा योगायोग वर्गात सांगितला की मुलांना विषय एकदम जवळचा वाटू लागतो.

दुकानातली पुडी हीच खात्रीची वस्तू मानण्याची चूक मात्र करू नये. कपड्यांची पुडीतली नीळ बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीन असते, तर बाटलीतली पातळ नीळ सेंद्रिय रंगाची असते. शेंदूर म्हणून आज जे मिळते ते शिशाचे ऑक्साइडच असेल याची हमी नाही, आणि कुंकवाचेही तसेच. आधी फलक तपासावेत, मग त्यांच्याशी चित्र ताडावे. शिसे, पारा, अर्सेनिक असलेल्या भुकट्या हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी, आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये. हरताळ आणि मनशीळ ही अर्सेनिकची सल्फाइडे आहेत, हे विशेष लक्षात ठेवावे.

परावर्तनाचा वर्णपट

उपलब्ध असल्यास पहिली मोजणी तंतुप्रकाशीय परावर्तनमापकाने करावी, कारण त्यात चित्राला काही होत नाही आणि एका जागेला काही सेकंद पुरतात. हॅलोजन दिव्याचा उजेड तंतूमधून ४५ अंशांत पृष्ठभागावर टाकावा, म्हणजे चकाकी थेट परत येत नाही. दर अर्ध्या तासाने प्रमाणित पांढऱ्या तबकडीवर शून्यांकन करावे.

निळ्या रंगांसाठी ही पद्धत फार बोलकी आहे. अल्ट्रामरीन ६०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करतो आणि त्यापुढे लालाकडे त्याचा आलेख चढू लागतो. कोबाल्ट निळ्यात ५४० ते ६४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात तीन लगतचे खड्डे दिसतात. प्रशियन निळा लाल भागातही, आणि दृश्य प्रकाशाच्या पलीकडे बराच दूरपर्यंत, खालीच पडून राहतो. फ्थॅलोसायनिन या आधुनिक सेंद्रिय निळ्याचे खड्डे नारिंगी-लाल भागात असतात. गेरूमध्ये ८५० ते ८८० नॅनोमीटरजवळ उथळ शोषण मिळते आणि तेवढ्यावरून तो शेंदरापासून सहज वेगळा पडतो. पांढऱ्या रंगांत शोषण कोठे सुरू होते ते पाहावे: जस्ताचा सुमारे ३८० नॅनोमीटरला एकदम कोसळतो, टायटॅनियमचा रूटाइल प्रकार ४०० च्या थोडा पुढेच. रंगांचे मिश्रण असेल, किंवा वर काजळीचा आणि चुलीच्या धुराचा थर बसलेला असेल, तर हे सगळे आकार बोथट होतात. आपल्याकडच्या घरांत ते बहुधा बोथटच मिळतात.

क्ष-किरण प्रतिदीप्ती

हातात धरण्याचे क्ष-किरण यंत्र हे नवशिक्यांचे आवडते यंत्र आहे, कारण घोडा दाबला की यंत्राच्या पडद्यावर मूलद्रव्यांची नावे येतात. माझ्या मते नवशिक्यांच्या सर्वाधिक चुकाही याच यंत्रावर होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

हे क्ष-किरणांचे साधन असल्याने त्याच्या वापरावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. यंत्र आणणाऱ्या संस्थेकडे तशी नोंद आहे की नाही, हे संकोच न करता विचारावे, आणि मोजणीच्या वेळी समोर किंवा पडद्यामागे कोणी उभे राहू देऊ नये. गावात यंत्र दिसले की मुले भोवती जमतात, म्हणून दार लावून घेणे बरे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की यंत्र तापून थांबते. आमच्याकडे हे काम हिवाळ्यात किंवा पहाटे उरकावे.

क्ष-किरण रंगाच्या पहिल्या थरावर थांबत नाहीत. अस्तर, कापड आणि त्यामागची वस्तू, सगळे एकाच आलेखात उतरते. याचा धडा मला महागात मिळाला. मी पडदा पत्र्याच्या पेटीवर पसरून मोजला, आणि आभाळ, महाल, कारंजे, जेथे जावे तेथे भरपूर जस्त आणि लोह. संपूर्ण पडद्याला जस्ताच्या पांढऱ्याचे अस्तर आहे असा निष्कर्ष मी संध्याकाळपर्यंत लिहूनही टाकला. रात्री लक्षात आले की ते जस्त पेटीच्या जस्तलेपित पत्र्याचे होते. दुसऱ्या दिवशी पडदा दोरीवर टांगून, मागे दोन हात मोकळी जागा ठेवून पुन्हा मोजला, तेव्हा जस्त फक्त ढगांमध्ये आणि फिकट निळ्यात उरले. तेव्हापासून मी पहिली मोजणी नेहमी रंग नसलेल्या कोऱ्या कापडाची घेतो आणि तिचा आलेख बाकी सर्व आलेखांशेजारी ठेवतो.

दुसरा सापळा एकमेकांवर पडणाऱ्या रेषांचा आहे. शिशाची १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची आणि अर्सेनिकची १०.५४ ची रेषा एकाच जागी दिसते. हिरव्या रंगात तांबे आहे आणि सोबत "अर्सेनिक" आहे म्हणून घाईने त्याला एमराल्ड ग्रीन (तांबे व अर्सेनिक असलेला जुना हिरवा) म्हणण्यापूर्वी शिशाची १२.६१ ची आणि अर्सेनिकची ११.७३ ची रेषा पाहावी. त्याचप्रमाणे बेरियमची ४.४७ आणि टायटॅनियमची ४.५१ ची रेषा सहज गोंधळात टाकते. हा गोंधळ आपल्या विषयात फार घातक आहे, कारण बेरियम सल्फेट आणि जस्ताचे सल्फाइड मिळून होणारा लिथोपोन हा स्वस्त पांढरा १८७० च्या दशकापासून उपलब्ध आहे, तर टायटॅनियमचा पांढरा बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. यंत्राच्या पडद्यावर आपोआप येणाऱ्या नावावर भिस्त न ठेवता आलेख स्वतः उघडून पाहावा; शक्य असल्यास ४० किलोव्होल्ट किंवा अधिक दाबावर मोजून बेरियमची ३२ च्या जवळची रेषा शोधावी.

तिसरी गोष्ट यंत्राच्या आंधळेपणाची. अल्ट्रामरीन हा सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि गंधक यांचा बनलेला असतो. ही हलकी मूलद्रव्ये हवेतून मोजताना क्षीण दिसतात किंवा दिसतच नाहीत. प्रशियन निळ्यात लोह असते, पण हा रंग इतका तीव्र आहे की तो चिमूटभर घातलेला असतो आणि त्याचे लोह मातीच्या अस्तरातील लोहात बुडून जाते. फ्थॅलोसायनिन निळ्यात वजनाने तांबे जेमतेम ११ टक्के, आणि तोही फार थोडाच वापरला जातो. निळ्या आभाळात या यंत्राला "काहीच सापडले नाही", तर तीही नोंद महत्त्वाची आहे: कोबाल्ट निळा आणि तांब्याची जुनी निळी खनिजे तेवढ्याने बाद होतात.

रामन वर्णपट

येथे एक छोटेसे विषयांतर करतो. चंद्रशेखर वेंकट रामन १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांच्या हाती जो परिणाम आला, त्याला १९३० चे नोबेल मिळाले, आणि रंगद्रव्ये ओळखण्याचे आजचे सर्वांत नेमके साधन त्यावरच उभे आहे.

लेसरचा एकरंगी प्रकाश द्रव्यावर पडला की त्यातील अत्यल्प भाग आपली ऊर्जा किंचित बदलून विखुरतो, आणि हा बदल त्या द्रव्याच्या कंपनांचा ठसा असतो. तो प्रति सेंटिमीटर या एककात मोजतात. काम सुरू करताना सिलिकॉनच्या तुकड्यावर ५२०.५ चे शिखर जागेवर आहे याची खात्री करावी. त्यानंतर लेसरची शक्ती शक्य तितकी कमी ठेवून, नमुन्यावर एक मिलिवॅटपेक्षाही कमी, सुरुवात करावी आणि हळूहळू वाढवावी. शिशाचे रंग लेसरच्या उष्णतेने बदलतात. मग आपण चित्राचा रंग मोजतो आहोत की स्वतः केलेल्या डागाचा, हे कळेनासे होते. मोजणीपूर्वी आणि नंतर त्या जागेचे सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेणे हाच त्यावर उपाय.

नवशिक्याने पुढची शिखरे पाठ केली तरी चालेल. अल्ट्रामरीन ५४८ ला एकच ठळक शिखर देतो. हिंगूळ २५३ आणि ३४३ ला, शेंदूर ५४९, ३९० आणि १२१ ला, चुन्याचा कार्बोनेट १०८६ ला, शिशाचा पांढरा १०५० च्या आसपास, क्रोम पिवळा ८४१ जवळ. काजळीचे दोन रुंद डोंगर १३५० आणि १५९० च्या जवळपास असतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे दोन स्फटिकप्रकार येथे स्वच्छ वेगळे होतात: अॅनाटेज १४४, ३९७, ५१६ आणि ६३९ ला, रूटाइल ४४७ आणि ६१२ ला. आधी बाजारात आला तो अॅनाटेज. रूटाइलचा वापर १९४० च्या आसपास वाढू लागला. फ्थॅलोसायनिन निळ्याचे १५२७ चे शिखर सहसा चुकत नाही, आणि त्यासोबत १३४०, ७४७ व ६८० ही असतात.

आधुनिक सेंद्रिय रंगांसाठी तर रामनला फारसा पर्याय नाही. हान्झा पिवळे १९१० च्या सुमारास आले, फ्थॅलोसायनिन निळा १९३५ मध्ये, क्विनाक्रिडोन १९५८ मध्ये. यांपैकी बहुतेकांत क्ष-किरण यंत्राला दिसेल असे जड मूलद्रव्य नसते. अडचण येते ती प्रतिदीप्तीची: सरस, जुने व्हार्निश आणि धूर लेसरखाली चमकतात आणि सगळी शिखरे त्या उजेडात बुडतात. अशा वेळी ५३२ ऐवजी ७८५ नॅनोमीटरचा लेसर घ्यावा, जागा बदलावी, किंवा एक रंगकण सूक्ष्मदर्शकाखाली सुटा करून मोजावा.

अवरक्त वर्णपट आणि बंधक

येथे बहुधा सूक्ष्म नमुना लागतो. तो आधीच पोपडा उडालेल्या कडेवरून, छापील पूर्णविरामापेक्षा लहान, आणि मालकासमोर काढावा. प्रशियन निळ्यासाठी ही पद्धत निर्णायक आहे; २०९० प्रति सेंटिमीटरच्या आसपास त्याच्या सायनाइड गटाचे शिखर येते आणि त्या मोकळ्या पट्ट्यात दुसरे रंगद्रव्य क्वचितच बोलते. खरा लाभ मात्र बंधक कळण्याचा. सरस म्हणजे प्रथिन, त्याचे पट्टे १६५० आणि १५५० ला. जवसाच्या तेलातील कार्बोनिल गटाचा पट्टा १७४० जवळ. अल्किड या कृत्रिम राळेमध्ये १७३० सोबत १२७० आणि ११२० चे ठळक पट्टे येतात. आपल्याकडे रंगाच्या दुकानात "ऑइल पेंट" म्हणून जो डबा मिळतो तो चित्रकाराचा तैलरंग नसून बहुधा अल्किड इनॅमल असतो, म्हणून घरच्यांनी "ऑइल पेंटने काढले आहे" असे सांगितले तर ते खरे धरूनही बंधक तपासावाच.

गावात अशी यंत्रे नसतात हे उघड आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रगत उपकरण केंद्रात बाहेरच्यांचेही नमुने शुल्क घेऊन मोजले जातात, आणि जतनाच्या प्रश्नांसाठी लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा आहे. नमुना काचपट्टीवर, क्रमांकासह, छोट्या बंद डबीत पाठवावा. कागदाच्या पुडीत पाठवलेला कण पुडीच्या घडीत हरवतो आणि मग प्रयोगशाळा कागदाचाच वर्णपट पाठवते.

निष्कर्ष लिहिताना

रंगद्रव्यावरून फक्त "याच्या आधीचे नाही" एवढेच सिद्ध होते. अल्ट्रामरीन सापडला म्हणून चित्र जुने ठरत नाही, कारण १८२८ च्या सुमारास निघालेला कृत्रिम अल्ट्रामरीन आजही पुडीत मिळतो. उलट, दाव्यातल्या सालानंतर जन्मलेले एकच द्रव्य मूळ थरात सापडले तर दावा कोसळतो. जर्मनीत बनावट चित्रे करणाऱ्या वोल्फगांग बेल्ट्राकीचे बिंग याच वाटेने फुटले: चित्रकार हाइनरिश काम्पेन्डोंक यांचे १९१४ चे म्हणून विकल्या गेलेल्या चित्रात टायटॅनियमचा पांढरा सापडला. त्याने जस्ताच्या पांढऱ्याची नळी वापरली होती आणि तिच्यात टायटॅनियम मिसळलेले आहे असे नळीवर लिहिलेले नव्हते. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली. नागपुरात जन्मलेले गायतोंडे आणि नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले रझा यांच्या चित्रांना आज जी किंमत येते ती पाहता, असा तपास आपल्या भागातल्या संग्राहकांनाही परका राहिलेला नाही.

"मूळ थरात" या शब्दांवर मात्र सारे अवलंबून आहे. आमच्या पडद्याच्या हिरवट कोपऱ्यात १५२७ चे शिखर आले, ४४७ व ६१२ आले आणि बंधक अल्किड निघाला. तेवढीच एक जागा मोजली असती तर मालकांचे म्हणणे मी खोटे ठरवून मोकळा झालो असतो. बाकीच्या आभाळात पाच जागी ५४८ मिळाले, ढगांत जस्त मिळाले, टायटॅनियम कोठेच मिळाले नाही, आणि बंधक सरसाचा होता. म्हणून अहवालात दोन आभाळे वेगवेगळी लिहिली: जागा १ ते ५, सरसात कालवलेला अल्ट्रामरीन व जस्ताचा पांढरा, १९३० पूर्वीच्या दाव्याशी विसंगत काही नाही, पण त्याला सिद्ध करणारेही काही नाही; जागा ६ व ७, अल्किडमधील फ्थॅलोसायनिन निळा व रूटाइल, डागडुजी, १९३५ नंतरची आणि बहुधा १९४० च्याही नंतरची. प्रत्येक ओळीपुढे यंत्र, लेसर, मोजणीचा काळ आणि फाइलचे नाव जोडले, व मूळ आलेखांची एक प्रत मालकांना पेन ड्राइव्हवर दिली.

त्यांनी अहवाल दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "मग आजाच्या वेळचा आहे का नाही जी?" मी सांगितले की रंग नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, कोपरा त्यांच्या काकांनी रंगवला होता, घर गळले त्या वर्षी. हे आधीच विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. तेव्हापासून माझ्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर, परवानगीच्या खालीच, डागडुजीची माहिती घरच्यांना विचारण्यासाठी एक रकाना आहे.